माझा संशय आणि माझं सोडियम

ज्यांच्या घरातली म्हातारी एकाएकी भलतंसलतं बोलायला लागली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आणि त्या म्हातारीसाठीसुद्धा. तिचा चष्मा कोणी चोरला आहे असं तिला वाटत नसेल, तर तिनं स्वतःच वाचावं. मला तसं वाटत होतं. चष्मा माझ्या कपाळावर होता.

मी आसेगावची. सातवीपर्यंत शिकलेली आणि पुढचं सगळं वावरात शिकलेली. डॉक्टरकी मला येत नाही, त्यामुळे ती इथं सापडणार नाही. डोकं फिरतं तेव्हा आतून कसं दिसतं, आणि ठिकाणावर आल्यावर लोक आपल्याकडे कसे बघतात, एवढंच मला ठाऊक आहे.

अळणी

मंगरूळपीरच्या डॉक्टरांनी बीपी आहे म्हणून सांगितलं, रोजची एक गोळी दिली आणि म्हणाले, मीठ कमी करा. ‘कमी’ हा शब्द मला आयुष्यात कधी कळला नाही.

लग्न होऊन आले तेव्हाची मी मला आठवते. बाभळीच्या काडीएवढी पोरगी, पण तोरा असा की गावाला अक्कल वाटायलाच आली आहे. आमचे हे मला म्हणाले होते, हळदीला थोडं थोडं ओलीत कर. मी मोटार सुरू केली आणि बांधावर कैऱ्या खात बसले. थोड्यानं भलं होतं तर जास्तीनं जास्त भलं होईल, हा माझा हिशेब. वाफ्यात पाणी तुंबलं, पानं पिवळी पडली, गड्डे सडले. तर ही शहाणी काय म्हणते? बेणं विकणाऱ्यानं फसवलं. तेव्हापासून माझं डोकं असंच चालतं. चूक दिसली की आधी दुसऱ्याच्या खिशात शोधायची.

तर डॉक्टर म्हणाले कमी, मी केलं बंद. आणि नुसतं बंद करून भागतं का? डॉक्टरच्या सांगण्यावरून मीठ सोडलं, यात काय मोठेपणा? मी देवीपुढं उभी राहून अळणीचं व्रतच धरलं. नवरात्रापर्यंत मीठ तोंडात घालणार नाही. गल्लीतल्या बायकांना बोलावून सांगितलं, म्हणजे परतायची वाटच बंद. बायका पाया पडल्या. मला फार बरं वाटलं.

त्यातच कोणीतरी मोबाईलवर दाखवलं, भरपूर पाणी प्यावं, सगळी घाण निघून जाते. उन्हाळा होताच. मी तांब्याची कळशी उशाशी ठेवली आणि दिवसभर पीत राहिले. वर ती गोळी. ती लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढणारी होती, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे असलेलं मीठ गोळी काढत होती, नवं मी येऊ देत नव्हते, आणि उरलेलं पाण्यानं पातळ करत होते. तरुणपणी एक वाफा बुडवला. म्हातारपणी स्वतःलाच बुडवलं.

बकरीसुद्धा त्यांना सामील

आधी पोटऱ्यांत वांब, म्हणजे गोळे, यायला लागले. मग मळमळ. डोकं असं हलकं, की मानेवर आहे की नाही हात लावून बघावं. मला वाटलं, व्रत अंगाला लागतंय.

मग संशय सुरू झाला. तो एकदम येत नाही, पाहुण्यासारखा चपला काढून येतो. सकाळी वाटलं, दूधवाला दुधात काहीतरी घालतो. दुपारी वाटलं, शेजारची शेवंताबाई माझा चष्मा घेऊन गेली. मुलगा गजानन अंगणात फोनवर खतांच्या भावाचं बोलत होता. मला ऐकू आलं की तो माझ्याबद्दलच बोलतोय. आणि शेवटी सगळे धागे जाऊन पोचले सुनेपाशी, वैशालीपाशी.

कारणही मिळालं. स्वयंपाकघराच्या दाराआडून मी डोळ्यांनी पाहिलं: माझ्या वाटीतल्या वरणात तिनं चिमूटभर पांढरं काहीतरी टाकलं आणि चटकन ढवळून घेतलं. माझं तोंड उतरलेलं पाहून तिनं हिमतीनं मीठ टाकलं होतं. व्रत मोडल्याचं पाप स्वतःच्या माथी घेऊन. पण मला ते मीठ दिसलं नाही. मला विष दिसलं.

मी ते वरण उचलून परड्यात नेलं, बकरीपुढं ओतलं आणि ती मरते का बघत खाटेवर बसले. बकरी मरेना. चाटूनपुसून तिनं उलट आणखी मागितलं. माणसानं यावरून काय समजावं? मी समजले, बकरीसुद्धा त्यांना सामील आहे.

दुसऱ्या दिवशी नळावर चार बायकांत मी सांगून टाकलं, की सून मला विष घालते. वैशाली घागर घेऊन मागेच उभी होती. घागर भरून घरी आली आणि माझ्यासाठी अळणी भाजी वेगळी काढून ठेवली.

शेवंताबाईनं पाहून सांगितलं, बुढीले नजर लागली. मग मीठ, मोहऱ्या, मिरच्या आणल्या. मला पाटावर बसवलं आणि वैशालीनं मूठ भरून माझ्यावरून ओवाळायला सुरुवात केली. तिच्या बोटांच्या फटीतून पांढरे खडे दिसले आणि माझी खात्रीच पटली. मी तिचं मनगट धरलं आणि चावले. खोटं कशाला लिहू, चांगलं रक्त येईपर्यंत चावले.

ते मीठ मग चुलीत गेलं, तडतडलं. ज्याच्यावाचून मी मरत होते ते माझ्या डोक्यावरून फिरवून चुलीत टाकलं, आणि कोणाचीच त्यात चूक नाही. ओवाळायचं मीठ तोंडात घालायचं असतं, हे कोणाला सुचणार होतं?

त्यानंतरचं मला आठवत नाही. म्हणतात, पाटावरच माझे डोळे फिरले आणि हातपाय झटके द्यायला लागले.

निदान

हा भाग गजाननाच्या तोंडून ऐकलेला आहे.

वाशीमच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण बाई होत्या. गजाननानं त्यांना एका वाक्यात सांगून टाकलं, की वयानं मायचं डोकं गेलं. तो वाईट मुलगा नाही. पण म्हातारी वेडी झाली की घरच्यांना एक प्रकारची सुटका वाटते. मग तिच्या बोलण्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण उरत नाही.

डॉक्टरीण बाईंनी त्याचं ऐकून घेतलं आणि मग वैशालीकडे वळल्या. गोळी कोणती, पाणी किती पितात, जेवतात काय. सगळी उत्तरं तिच्याकडे होती. डोक्याचा फोटो काढला, त्यात काही निघालं नाही. रक्त तपासलं, त्यात निघालं. सोडियम फार उतरलं होतं.

“म्हंजे मीठ?” गजाननानं विचारलं. “मिठानं माणूस येडा होते?”

“मीठ उतरलं की होतो,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी समजावलं ते गजाननाला वावरातल्या गोष्टीसारखं लगेच समजलं. अंगातल्या पाण्यात मीठ किती असावं याची एक रेघ ठरलेली असते, आणि शरीर ती रात्रंदिवस सांभाळत बसलेलं असतं. मीठ जास्त झालं की तहान लावतं, पाणी जास्त झालं की लघवीवाटे सोडून देतं. आपल्याला पत्ताही लागत नाही. पण एका बाजूनं गोळी, दुसऱ्या बाजूनं व्रत आणि तिसऱ्या बाजूनं कळशी, असं तिघांनी ओढलं तर म्हाताऱ्या शरीराचा हात सुटतो. पाणी मग पेशींत शिरतं आणि मेंदू सुजतो. सुजलेला मेंदू काहीही दाखवतो.

गजानन सांगतो, हे ऐकून वैशाली भिंतीला टेकली आणि रडली. नळावर रडली नव्हती.

थेंब थेंब

शुद्ध आली, पण डोकं आलं नव्हतं. त्यामुळे दवाखान्यातले पहिले दिवस म्हणजे मला संशयाचा दिवाळी फराळ होता.

रक्त तर किती वेळा घ्यावं? सकाळ, दुपार, संध्याकाळ, जेव्हा बघावं तेव्हा सिस्टरची सुई तयार. माझी खात्री होती की हे रक्त मागच्या दारानं बाहेर जातं. मी एका सिस्टरला सरळ विचारलं, “बाई, माह्यं रक्त कुठी नेऊन राह्यली?” ती म्हणाली, “लॅबमध्ये, आजी.” मी म्हणाले, “व्हय, असंच सांगत असतात.”

पाण्याचं तर विचारूच नका. मोजून प्यायला द्यायचे, लहान पोराला औषध पाजतात तसं. भर उन्हाळ्यात म्हातारीचं पाणी तोडतात म्हणजे हेतू उघड आहे. मी शेजारच्या खाटेवरच्या बाईचा तांब्या ओढायचा प्रयत्न केला. तेव्हापासून तिचा तांब्या खाटेखाली गेला.

सलाईन इतकी हळू, की थेंब पडतो की नाही बघता बघता डोळा लागायचा. डॉक्टरीण बाई आल्या तेव्हा मी त्यांना धरलंच. “मीठच कमी झालं ना? मंग थेंब थेंब काहून सोडून राह्यल्या? एकदम टाका.”

त्या खाटेवर बसल्या. म्हणाल्या, “आजी, हळूहळू उतरलंय, तर हळूहळूच चढवावं लागतं. घाईनं चढवलं तर मेंदूला कायमची इजा होते. म्हणूनच सारखं रक्त बघतो.”

मला ते पटलं नाही. पण मला खोटं सांगणारी बाई खाटेवर बसली नसती, एवढं मात्र वाटलं. त्या आजारातला तो माझा पहिला सरळ विचार असावा.

मग एका सकाळी सिस्टर सुई घेऊन आली आणि ती मला फक्त सिस्टर दिसली. झोप न झालेली, केसांतली पिन निसटलेली एक मुलगी. मी हात पुढं केला. संशय गेला होता. जाताना काही सांगून गेला नाही.

आणि खरी भीती तेव्हा आली. आधी मला लोकांची भीती होती, आता माझी वाटायला लागली. कारण ते सगळं मला खोटं वाटलंच नव्हतं. चूल जशी चूल दिसते तसंच ते विष विष दिसलं होतं. उद्या पुन्हा दिसलं, तर मी कशावरून ओळखू? ज्या डोक्यानं तपासायचं तेच फितूर झालेलं. हे दुखणं कोणत्या डॉक्टरला सांगावं ते मला समजेना.

वैशाली उशाशी बसून ओल्या फडक्यानं माझे ओठ पुसत होती. पाणी मोजून होतं ना, मग ती असं करायची, तेवढंच गार वाटायचं. त्या दवाखान्यातलं सगळ्यात मोठं सुख ते ओलं फडकं होतं. तिच्या मनगटावर पट्टी दिसली.

“काय झालं वो?” मी विचारलं. मला खरंच आठवत नव्हतं.

“कुत्रं चावलं,” ती म्हणाली. फडकं पिळलं, पुन्हा ओठावर फिरवलं आणि म्हणाली, “घरचंच हाये.”

मग मला आठवलं. मी डोळे मिटून घेतले आणि झोपल्याचं सोंग केलं. तिनं ते सोंग चालू दिलं.

घरी माझ्या बोलण्याची किंमत

घरी आले. जुनी गोळी बंद झाली होती, बीपीची दुसरी दिली होती. मीठ बेताचं, पाणी बेताचं. व्रताचं काय करायचं हे डॉक्टरीण बाईंनी देवीवर सोडलं आणि देवीनं आजवर काही तक्रार केलेली नाही. इथं वाचणाऱ्यांना एक सांगते. मी मीठ सोडून आजारी पडले म्हणून तुम्ही उठून चमचाभर मीठ खाऊ नका. ते माझ्याच अकलेचं दुसरं टोक झालं. गोळी, मीठ, पाणी, तिन्ही डॉक्टरला विचारून.

पण घरात एक नवीनच खेळ सुरू झाला होता. मी म्हणावं, वरणाला लागल्याचा वास येतो. गजानन म्हणणार, “माय, तुह्यं सोडियम पाहू का?” मी म्हणावं, तुरीवर अळी दिसते. तो हसणार, “अळी हाये का सोडियम हाये?” शेवंताबाई दारातून जाता जाता विचारणार, “काहो बाई, मीठ हाये ना जाग्यावर?”

आधी मी पण हसले. स्वतःवर हसायला मला आवडतं. पण मग लक्षात आलं, की वरणाचं भांडं खरंच लागलं होतं आणि अळी खरंच होती. कोणी उठून बघितलंच नाही. मी जिवंत घरी आले होते, माझा शब्द मात्र दवाखान्यातच राहिला होता. पन्नास वर्षं ज्या घरात माझ्या सांगण्यावर पेरण्या झाल्या, तिथं आता मी बोलले की लोक एकमेकांकडे बघत. असं जगायचं असेल तर मेंदू दुरुस्त होऊन काय उपयोग, असं वाटायला लागलं. वैशाली तेवढी हसत नव्हती.

तीच गोळी

पावसाळा लागला आणि गोळ्या संपल्या. गजानन मंगरूळला गेला होता, तिथल्या एका मेडिकलमधून नवी पट्टी घेऊन आला. पट्टी वेगळ्या रंगाची होती. मी विचारलं. तो म्हणाला, तीच आहे, कंपनी वेगळी.

दोन-तीन दिवसांनी मला लघवीला सारखं उठावं लागायला लागलं. मग पोटऱ्यांत वांब. ते वांब मी ओळखले. पहिल्या वेळी ते पाहुणे म्हणून आले होते, आता त्यांची चाल मला ठाऊक होती.

मी गजाननाला म्हणाले, “हे गोळी ते नाई. हे पहिलीवालीच हाये, दुसऱ्या कपड्यात.”

तो चहा पीत होता. कप खाली ठेवला आणि अशा आवाजात बोलला, जसं लहान पोराशी बोलतात. “माय, मेडिकलवाला कायले खोटं देईन? पुन्हा सुरू झालं का तुह्यं?”

खरं सांगते, मी स्वतःच डगमगले. पुन्हा तेच तर नाही? गोळीत विष, वरणात विष, फरक काय? मी खाटेवर बसून स्वतःची परीक्षा घेतली. दूधवाला कसा वाटतो? बरा वाटतो. शेवंताबाई? आगाऊ, पण चोर नाही. सिस्टर, डॉक्टरीण बाई, गजानन, सगळे ठीक. संशय होता तो फक्त गोळीवर. दुसऱ्या दिवशीही गोळीवरच. तिसऱ्या दिवशी मी गोळी जिभेखाली धरली आणि मागच्या दारी थुंकली. वैशालीनं पाहिलं.

मला वाटलं, झालं. आता गाडी बोलावणार.

तिनं हात पुढं केला. “पट्टी कुठी हाये आत्याबाई?”

मी दिली. तिनं चष्मा विसरलेल्या माणसासारखी ती डोळ्यांजवळ धरली, मागचं बारीक अक्षर एकेक जुळवत वाचलं आणि वाशीमच्या डॉक्टरीण बाईंना फोन लावला. तिनं दोन नावं वाचून दाखवली. पट्टीवर एकच गोळी, पण आत दोन औषधं होती. मग डॉक्टरीण बाई म्हणाल्या, दुसरं औषध म्हणजे तेच, लघवीवाटे पाणी आणि मीठ काढणारं. साध्या गोळीपेक्षा हिच्या नावात एक अक्षर जास्त असतं, तेवढ्यानं घोटाळा होतो. ताबडतोब बंद करा आणि उद्या सकाळी रक्त तपासून घ्या.

तपासलं. सोडियम उतरणीला लागलेलं होतं. फार नाही, पण लागलेलं.

वाशीमहून परतताना एसटीत मी वैशालीला विचारलं, तुझा माझ्यावर विश्वास कसा बसला? मी तर तुझ्यावर विषाचा आळ घेतला होता. ती खिडकीबाहेर बघत होती. सोयाबीन चांगलं वर आलं होतं.

“तवा तुमी सकाळी दूधवाल्यावर, दुपारी शेवंताबाईवर आन् सांजच्याले माह्यावर घसरत होत्या,” ती म्हणाली. “तुमचा संशय एका जाग्यावर थांबतच नोता. आता चार रोज झाले, एकच बोलून राह्यल्या. येडं माणूस असं ठाम नसते.”

पुस्तकं लिहिणाऱ्यांनी लिहिली असतील, दवाखान्यानं तपासलं असेल, पण वेड आणि शहाणपण कसं वेगळं करायचं हे मला त्या एसटीत समजलं. तुमच्याही घरी म्हातारी बोलत असेल, तर चार दिवस नीट ऐका. आज एक, उद्या दुसरं म्हणत असेल, तर रक्त तपासा. एकच म्हणत असेल, तर ती म्हणते ते तपासा. त्याच्यासोबत रक्तही तपासा, त्यानं काही बिघडत नाही.

गजाननाला घरी आल्यावर सांगितलं तेव्हा तो उठून बाहेर गेला, मोटारसायकल काढली. संध्याकाळी डॉक्टरीण बाईंनी सांगितलेली पट्टी घेऊन परत आला. एरवी तो पट्टी आणून सरळ फडताळात टाकतो. त्या दिवशी ती त्यानं माझ्या हातात दिली आणि समोर उभा राहिला.

“पाह्य माय,” म्हणाला. “चालीन का?”

मी चष्मा लावला. पट्टी उलटीपालटी केली. पुन्हा सुलटी केली. अक्षर बारीक होतं, पण पहिल्याच नजरेत मी ते वाचलं होतं. तरी मी त्याला बराच वेळ उभं ठेवलं.